सरांचा दिवा

मेलेल्या माणसावर जळण्यात एक मोठी पंचाईत असते. त्याच्याशी भांडता येत नाही. त्याला नावं ठेवावीत तर लोक आपल्यालाच ठेवतात. आणि तो कधी चुकत नाही. जिवंत माणूस आज ना उद्या कुठंतरी माती खातोच. गेलेला मात्र गेला त्या दिवसापासून शहाणाच राहतो, आणि पुढच्या सगळ्या चुका करायला आपण एकटे उरतो. कुशनवाल्याला हे लग्नानंतर दोनच महिन्यांत कळून चुकलं होतं.

कुशनवाला म्हणजे जुने सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा उसवून नव्यानं भरून देणारा माणूस. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान होतं. तोंडात सुया किंवा खिळे धरून काम करायची सवय, त्यामुळे बोलणं बेताचं, आणि बेताच्या बोलण्यामुळे लग्न राहून गेलं ते पन्नाशी उलटेपर्यंत. मग एकदा दाढ ठणकली. दाताच्या दवाखान्यात तो दाढ दाखवायला गेला आणि नंबर लावणाऱ्या बाईंकडे बघत बसला. पुढं दाढ बरी झाली तरी तो नंबर लावतच राहिला. दाढ गेली आणि बायको आली, असं तो मित्रांना सांगायचा.

बायकोचा पहिला नवरा शाळेत विज्ञान शिकवायचा. सगळी गल्ली त्याला सर म्हणायची. बायकोही सरच म्हणायची. घर तिचं होतं, म्हणजे पूर्वी दोघांचं होतं, म्हणजे सरांचं. कुशनवाला आपली पेटी, शिवणयंत्र आणि दोन पँटी घेऊन तिथं राहायला आला. त्याला घरजावई म्हणावं तर घरात सासरा नव्हता. सर होते.

भिंतीवर त्यांचा फोटो नव्हता, हे बायकोचं मोठेपण. पण मागच्या बागेत त्यांचा दिवा होता.

दिवा म्हणजे एक लाकडी पेटी, तिच्या तोंडात बसवलेलं पत्र्याचं नरसाळं, नरसाळ्यावर एक पांढराशुभ्र बल्ब आणि बल्बावर पावसासाठी दुधी काचेची टोपी. पेटीत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावलेले. अंधार पडला की दिवा लावायचा. रात्री उडणारे पतंग उजेडाकडे येतात, काचेवर धडकतात, घसरून आत पडतात आणि ट्रेच्या खळग्यांत गुपचूप बसून राहतात. सकाळी एकेक ट्रे हळूच उचलायचा, कोण कोण आलंय ते बघायचं, मोजायचं, वहीत लिहायचं आणि सगळ्यांना कुंपणाच्या झुडपांत सोडून द्यायचं. सबंध वसंतभर, रोज. वसंत संपला की आकडे पतंग मंडळाला, म्हणजे ठिकठिकाणच्या अशा मोजण्या गोळा करणाऱ्या हौशी लोकांना, पाठवायचे. सरांनी हे वर्षानुवर्षं केलं. ते गेल्यावर बायको करत होती.

आणि यात काही म्हणजे काही बदलायचं नाही, हा नियम होता. तीच पेटी, तीच जागा, त्याच जातीचा बल्ब, तेवढेच ट्रे. यंदा पतंग कमी आले, तर ते पतंग कमी झाले म्हणून कमी आले पाहिजेत, आपण पेटी दोन हात सरकवली म्हणून नव्हे. बायकोनं हे कुशनवाल्याला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं होतं. त्याला ते पटलंही होतं. मापात काम करणारा माणूस होता तो. पण पटणं वेगळं आणि सोसणं वेगळं.

कारण पेटी हलवायची नाही म्हणजे पेटीवर सावली टाकणारं काही ठेवायचं नाही. कुशनवाल्याला मागच्या भिंतीला धरून कामासाठी एक छपरी घालायची होती. नाही. एक वाळलेलं खोड उपटायचं होतं. नाही, त्याच्या सालीत कुणीतरी अळी असते. कुंपण वेडंवाकडं वाढलं होतं, ते कापावं म्हटलं तर तेही नाही. स्वयंपाकघराचा उजेड बागेत जातो आणि सरांच्या दिव्यात भेसळ होते, म्हणून खिडकीला जाड पडदा मात्र हवा होता. या घरात त्याच्या कलेला मिळालेली पहिली संधी ती. त्यानं दुहेरी अस्तर लावून असा पडदा शिवला की उजेडाचा एक धागा बाहेर जाईना. बायको खूश झाली. तिनं पडद्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "सरांना फार आवडला असता."

कुशनवाला त्या दिवशी जेवला नाही. पोट बिघडलंय म्हणाला.

सकाळचा तो अर्धा तास त्याला सगळ्यात जास्त डाचायचा. बायको पेटीशेजारी बुटक्या स्टुलावर बसायची आणि एकेक ट्रे मांडीवर घ्यायची. दिवसभर दवाखान्यात ठणकणाऱ्या दातांची बोलणी खाणारी ही बाई तिथं अशी निवांत व्हायची की कुशनवाल्याला ती ओळखू यायची नाही. त्यानं शिवलेल्या एकाही सोफ्याकडे तिनं त्या नजरेनं कधी बघितलं नव्हतं. तो दारात चहाचा कप घेऊन उभा राहायचा. कप निवायचा, तो तापायचा.

"हे बघा, राखी चादर आली," ती म्हणायची. "आणि ही काडी. बसली की अगदी मोडकी काडी दिसते की नाही?"

राखी चादर, काडी, कोळशेवाली, विटकरी कोट. पुस्तकात त्यांची नावं लांबलचक होती, म्हणून सरांनी ही घरगुती नावं पाडली होती. म्हणजे बागेत उडणारा किडासुद्धा सरांनी बारसं केलेला.

"आमच्या धंद्यात यांना मारतात," कुशनवाला एकदा म्हणाला. "लोकरीचं कापड खातात मेले. चाळण करून टाकतात."

"ते वेगळे. ते दिव्याकडे येतच नाहीत."

"म्हणजे चोर आहेत."

ती हसली. तेवढ्यावर त्याचा दिवस बरा गेला. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच स्टूल, तोच ट्रे, तीच नजर.

दुसऱ्या वसंतात बायकोच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. बायकोला दोन दिवस जाणं भाग होतं. निघताना तिनं कुशनवाल्याला पेटीपाशी नेलं आणि लहान मुलाला रस्ता ओलांडायला शिकवावं तसं सगळं सांगितलं. ट्रे आपटायचा नाही, फुंकर मारायची नाही, पंखाला बोट लावायचं नाही. नाव ओळखता आलं नाही तर फोटो काढायचा. आणि काहीही झालं तरी खाडा पडता कामा नये.

"सरांचा कधी पडला नसेल," कुशनवाला म्हणाला.

"पडलाय," ती म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली.

तिनं पेटी आपल्या हाती सोपवली याचा त्याला आनंद झाला. सरांची पेटी आपल्या हाती सोपवली याचा रागही आला. असा दोन्ही बाजूंनी भाजून निघालेला माणूस संध्याकाळी बागेत गेला आणि बटण दाबलं, तर दिवा लागेना. बल्ब उडाला होता.

त्या जातीचे बल्ब आता कुठं मिळत नाहीत. पण सरांनी त्याची सोय करून ठेवली होती. कपाटाच्या वरच्या फळीवर एक खोकं होतं, त्यात एकेक बल्ब वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला, आणि खोक्यावर सरांच्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलेलं: 'दिवे. जपून.' कुशनवाल्यानं खोकं खाली घेतलं आणि त्या अक्षरांकडे बघत बसला. मरणाऱ्या माणसानं आपल्या बायकोसाठी पुढच्या वसंतांचा उजेड भरून ठेवला होता. आपण मेलो तर काय मागं राहील, याचा त्यानं विचार केला. स्पंजाचे तुकडे आणि अर्धी राहिलेली एक आरामखुर्ची. त्याला इतकं वाईट वाटलं की त्यानं खोकं न उघडता परत वर ठेवून दिलं.

मग तो दुकानात गेला. तिथं कापडाचे रंग जुळवायचा त्याचा दिवा होता. नेहमीच्या बल्बाखाली निळं कापड हिरवं दिसतं आणि मग गिऱ्हाईक घरी जाऊन बोंब मारतं, म्हणून त्यानं मुद्दाम मागवलेला, भर दुपारसारखा उजेड देणारा. त्याचा बल्ब त्यानं काढून आणला आणि सरांच्या पेटीवर बसवला. अगदी मापात बसला. बटण दाबल्यावर सबंध बाग धुऊन काढल्यासारखी दिसली. खोड दिसलं, कुंपण दिसलं, शेजारच्या काकूंच्या दोरीवरचे मोजेसुद्धा दिसले.

"बघा आता," तो म्हणाला. कुणाला, ते सांगायला नको.

सकाळी त्यानं पेटी उघडली आणि त्याला घाम फुटला. खळग्याखळग्यात पतंग. एका खळग्यात तीन तीन, ट्रेच्या पाठीवर, नरसाळ्याच्या आत, पेटीच्या कोपऱ्यात. गुडघे भरून येईपर्यंत तो मोजत बसला. नावं येईनात तेव्हा फोटो काढले आणि वहीत आपल्या भाषेत लिहिलं: वरून गोणपाट, कडेला झालर. विटकी मखमल. काथ्याच्या रंगाचा, लहान. मोजता मोजता तो दुकान उघडायचं विसरला. दुसऱ्या दिवशीही तेच झालं.

बायको परत आली ती पिशवीसकट स्टुलावर बसली. वही बघितली, मग फोटो, मग पुन्हा वही.

"इतके कधीच नव्हते," ती म्हणाली. "सरांच्या वेळीसुद्धा नव्हते."

कुशनवाल्यानं हे वाक्य मनात घडी घालून ठेवलं.

"दिवा उडाला होता," तो म्हणाला. "नवा घातला."

"बरं झालं, खोक्यात होते." ती अजून फोटोच बघत होती. त्यानं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मग तिनं मान वर केली आणि दुसरं वाक्य म्हणाली. "तुमचा पायगुण हो. दुसरं काय."

कुंपणापलीकडून शेजारच्या काकू हसल्या. "अगं, पायगुण सुनेचा असतो. नवऱ्याचा कुठं काढतेस?"

"जो नवा घरात येतो त्याचा असतो," बायको म्हणाली. "मी आपली आधीपासून इथंच आहे."

खरं सांगायचं तर त्याच वेळी बोलून टाकायला हवं होतं. पण ज्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणी शुभ म्हटलं, त्यानं ते लगेच परत कसं करावं? तो गप्प राहिला. त्या दिवसापासून दिवा लावायचं काम त्यानं आपल्याकडे घेतलं. बायकोला संशय यायचं कारण नव्हतं. दोघं झोपत समोरच्या खोलीत, स्वयंपाकघराला तो जाड पडदा, आणि सकाळी विझलेल्या बल्बावर दुधी टोपी. आपण शिवलेला पडदा आपल्याच कामी आला, हे कुशनवाल्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याला जरा शरम वाटली, पण जराच.

पुढचे दिवस त्याला सुखाचे गेले. दुकानात तो शीळ घालू लागला. दुपारी बायको दवाखान्यात गेली की तो सरांच्या जुन्या वह्या काढायचा आणि आजच्या तारखेला मागं किती आले होते ते बघायचा. सरांचा सगळ्यात भरलेला वसंत त्यानं अर्ध्यातच मागं टाकला. मेलेल्या माणसाला हरवून त्याला असा आनंद झाला की संध्याकाळी येताना तो जिलेटिनच्या कागदात बांधलेली फुलं घेऊन आला. फुलं कशाबद्दल, ते बायकोला कळलं नाही.

एका सकाळी एक नवाच पतंग आला. वरून मळका तपकिरी, बघायलाही नको असा. तिनं ट्रे किंचित हलवला तसे त्यानं वरचे पंख उचलले आणि खाली लालभडक रंग दिसला.

"याला नाव नाही," ती म्हणाली. "सरांच्या वह्यांत नाहीच हा. तुम्ही ठेवा."

कुशनवाल्यानं पुष्कळ विचार केला. "अस्तर," तो म्हणाला. "बाहेरून गोणपाट आणि आतून उंची अस्तर. असं काम शिवायला मिळत नाही कधी."

तिनं वहीत लिहिलं, अस्तर, एक. मग सरांच्या नावांशेजारी त्याचं ते एक नाव दोघांनी वाकून पुन्हा वाचलं.

मग चिटणीसांचा फोन आला. चिटणीस म्हणजे पतंग मंडळाकडे आलेले आकडे जुळवणारे म्हातारे गृहस्थ, सरांचे जुने दोस्त. बायकोनं मधेच काही आकडे त्यांना कळवले होते. राहवलं नसणार. कुशनवाला त्या वेळी जेवणाच्या खोलीतल्या खुर्चीला पट्ट्या ठोकत होता, तोंडात खिळे होते. त्याला एकीकडचंच बोलणं ऐकू येत होतं.

"सगळीकडे कमी झालेत? ...हो, ऐकलं मी. ...आमच्याकडेच वाढलेत. ...कुंपण? नाही, कधीच कापलं नाही. ...तसं सांगणार का सगळ्यांना? ...रविवारी या ना, बघा स्वतः. ...नाही, नाही. पेटी तीच, जागा तीच, दिवा सरांचाच. माझ्या शब्दावर लिहा तुम्ही."

माझ्या शब्दावर. कुशनवाल्यानं तोंडातले खिळे हातात घेतले. गिळले असते नाहीतर.

फोन ठेवून ती आली ती उजळलेली. आपल्या बागेवरून चिटणीस बाकीच्या लोकांना सांगणार होते की कुंपणं कापू नका, खोडं उपटू नका, बघा कसा फरक पडतो. "सरांचं कुणी ऐकलं नाही कधी," ती म्हणाली. "आता तुमच्या पायगुणानं ऐकतील."

इथं खरं बोलण्याची दुसरी संधी होती. कुशनवाल्यानं तीही घालवली, आणि घालवली ती शहाणपणानं. त्याला वाटलं, रविवारच्या आत गुपचूप सरांचा बल्ब लावून टाकू. चिटणीस येतील, बघतील, दिवा सरांचा तो सरांचा. झाकली मूठ. संध्याकाळी त्यानं कपाटातून खोकं काढलं, वर्तमानपत्र सोडवलं आणि सरांचा दिवा सरांच्या पेटीवर लावला. बाग आपली होती तशी झाली.

सकाळी बायकोनं पहिला ट्रे उचलला. रिकामा. दुसरा. एक राखी चादर. तिनं सगळे ट्रे पाहिले, मग पेटी उपडी करून पाहिली. मग ती उठली आणि कुंपणापाशी गेली.

"काकू, काल फवारलंत का काही?"

"मी?" काकू मोजे वाळत घालत होत्या. "काय फवारणार मी?"

"औषध. झाडांवर. खरं सांगा."

"अगं, मी डाससुद्धा हातानं हाकलते."

"मग एका रात्रीत कुठं गेले सगळे? काल ट्रे भरून होते. तुमची ती नवी रोपं आणलीत ना, त्यांच्यावर काहीतरी मारलंय तुम्ही. सांगून तरी मारायचं."

काकूंचा चेहरा पडला. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांना असं कुणी बोललं नव्हतं. त्या बादली तिथंच ठेवून आत गेल्या आणि दार लावून घेतलं. बायको परत स्टुलावर येऊन बसली. रिकामा ट्रे मांडीवर घेतला.

"संपला वाटतं तुमचा पायगुण," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

कुशनवाल्यानं ते पाणी बघितलं. तरी त्यातही, खोटं कशाला बोला, त्याला आधी काय वाटलं असेल? सरांच्या दिव्यावर एकच पतंग आला. हरले सर. हे वाटलं, आणि त्याच्या पाठोपाठ इतकी लाज वाटली की त्याला बोलल्याशिवाय राहवेना.

"काकूंनी काही केलेलं नाही," तो म्हणाला. "मी केलंय."

त्यानं सगळं सांगितलं. उडालेला बल्ब, खोक्यावरची अक्षरं, रंग जुळवायचा दिवा, आणि काल पुन्हा बदललेला. शिवण उसवताना एक टाका सुटला की बाकीचे आपोआप सुटतात, तसं ते निघत गेलं. तिनं मधे एकदाही थांबवलं नाही. तो थांबला तेव्हा तिनं ट्रे खाली ठेवला, पेटीत होता त्याच जागी.

"का?" ती म्हणाली.

"तू म्हणालीस, सरांच्या वेळीसुद्धा नव्हते."

"आणि तेवढ्यासाठी?"

"तेवढ्यासाठी," तो म्हणाला. "मी जळतो त्यांच्यावर. रोज सकाळी जळतो. तू इथं बसतेस तेव्हा मला वाटतं, मी तुझ्याकडे पेइंग गेस्ट आहे."

मग ती उठली आणि ओरडली. काकूंच्या बंद दारापलीकडे, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशी ओरडली. अक्कल गहाण टाकलीत का, म्हणाली. मी शब्द दिला होता, म्हणाली. पायगुण मोजता येत नाही, पतंग मोजता येतात, निदान तिथं तरी खोटं करायचं नाही एवढी साधी गोष्ट कळू नये? सगळीकडे कमी झालेत तसे आपल्याकडेही कमीच झालेत, आणि मी वेडी आनंदात होते. काकूंना काय तोंड दाखवू? चिटणीसांना काय सांगू, की माझ्या नवऱ्याला सरांना हरवायचं होतं? कुशनवाला मान खाली घालून ऐकत होता. तिचा दम संपला तेव्हा ती स्टुलावर बसली.



"बघितलंत?" मग ती म्हणाली, वेगळ्याच आवाजात. "ओरडले मी. सरांवर उभ्या जन्मात ओरडले नाही."

"ते चुकलेच नसतील."

"तुम्हाला काय माहीत, ते कसे होते? सर माझ्याशी दिवसाकाठी चार वाक्यं बोलायचे, आणि त्यातली तीन पतंगांबद्दल. लग्न झालं तेव्हा मी या पेटीचा रागराग करायचे. तुम्ही मेलेल्या माणसावर जळता, मी किड्यांवर जळायचे. बोला, कोण जास्त येडं?" तिनं नाक पुसलं. "एका वसंतात मी रात्री उठून दिव्याचं बटण बंद करून आले. मुद्दाम. म्हटलं, सकाळी विचारतील, भांडतील, काहीतरी बोलतील. त्यांनी पेटी बघितली आणि वहीत लिहिलं, खाडा. बस. मी दुसऱ्या रात्रीही बंद केला. पुन्हा खाडा. कोणी बंद केला म्हणून विचारलंसुद्धा नाही. मग मीच रोज सकाळी इथं येऊन बसायला लागले. अर्धा तास तरी माणूस शेजारी मिळायचा."

"आणि आता?"

"आता पतंग खरंच आवडतात. सवय लागली की आवडतं माणसाला." ती उठली. "चला. आधी काकूंची माफी मागायची आहे. तुम्ही मागायची."

कुशनवाल्यानं माफी मागितली. काकूंनी ती लगेच दिली नाही. त्यांच्या सोफ्याच्या दोन्ही गाद्या नव्यानं भरून द्यायच्या कबुलीवर दिली. रविवारी चिटणीस आले तेव्हा बायकोनं दारातच सांगून टाकलं, की बल्ब उडाल्यापासून सरांचा बल्ब परत लागेपर्यंतचे सगळे आकडे बाद करा. म्हाताऱ्यांनी कारण विचारलं. "घरगुती होतं," ती म्हणाली. चिटणीसांनी कुशनवाल्याकडे बघितलं आणि पुढं विचारलं नाही. मग तिनं टेबलाशी बसून वहीतल्या त्या पानांवर पट्टीनं रेघा ओढल्या. गोणपाट गेलं, मखमल गेली, अस्तरही गेलं. प्रत्येक तारखेपुढं तिनं लिहिलं, खाडा. कुशनवाला शेजारी उभा राहून बघत होता. सरांच्या इतक्या वर्षांच्या नोंदींत आपली म्हणून जी जागा झाली ती अशी झाली, हे त्याला कळलं. ओरडण्यापेक्षा ते जास्त लागलं.

पुढं आठवडाभर ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. सरांचा दिवा तीच लावायची. तो दारात चहा घेऊन उभा राहत नव्हता.

मग एका संध्याकाळी तो दुकानातून आला, तर दोघं झोपत त्या समोरच्या खोलीच्या खिडकीखाली, बाहेरच्या बाजूला, एक पेटी ठेवलेली होती. त्याच्या दुकानातली, खिळे ठेवायची जुनी. तिच्या तोंडात चहाच्या डब्याचा पत्रा वळवून केलेलं नरसाळं, जरा वाकडंच. आत अंड्यांचे ट्रे.

"तुमचा तो दुपारसारखा दिवा आणा," बायको म्हणाली. "पण एकदा लावलात की मग बदलायचा नाही. जागा हलवायची नाही. आकडे वेगळ्या वहीत लिहायचे, सरांच्या आकड्यांशी जुळवायचे नाहीत. जुळवताना दिसलात तर पेटी उचलून फेकून देईन."

"मंडळाला चालेल?"

"मंडळाला विचारून नवरा केला नाही मी."

त्यानं आधी नरसाळं काढून सरळ केलं. मग दिवा लावला. खिडकीतून सगळा उजेड खोलीत आला आणि भिंत पांढरीफटक झाली. पडदा शिवावा लागेल, असं तो म्हणाला. नको, ती म्हणाली, राहू दे काही दिवस.

सकाळी त्याला लवकर जाग आली. शेजारी ती नव्हती. मागं गेली असणार, त्यानं ओळखलं. नेहमीची वेळ होती, नेहमीचं स्टूल असणार, तीच नजर. नवी पेटी दिली म्हणून काय झालं, पहिला मान तिकडंच. छातीत ते जुनं, ओळखीचं काहीतरी जळायला लागलं आणि त्यानं ते जळू दिलं. सवयच होती. चहा करावा म्हणून तो उठला आणि उठता उठता खिडकीतून खाली बघितलं.

बुटकं स्टूल खिडकीखाली होतं. त्यावर ती बसली होती, मांडीवर कोरी वही. पेटी अजून उघडली नव्हती.

तो अनवाणीच बाहेर आला. "मागची उघडलीस?"

"नाही."

"अगं, मग सरांच्या पेटीचं काय?"

"थांबू देत थोडा वेळ त्यांना," ती म्हणाली आणि त्याला बसायला जागा करून दिली. "मी पुष्कळ थांबलेय."